उघड्यावर उभ्या गाडीची बॅटरी सोलर पॅनेलवर टिकवायची आहे: किती वॅटचं घ्यावं, कुठे जोडावं?

कासारवडवलीकर

घोडबंदर रोडला सोसायटीत ओपन पार्किंग आहे. पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी, दोन वर्षं जुनी. रोजचा प्रवास लोकलने, त्यामुळे गाडी महिन्यातून फार तर दोनदा निघते आणि प्रत्येक वेळी जंप स्टार्ट करावी लागते. जीपीएस ट्रॅकर बसवलेला आहे, डॅशकॅमही आहे. जागा दोन टॉवरांच्या मधली. सध्या एप्रिलात साडेदहा ते दोन ऊन मिळतं.

ऑनलाइन तीन प्रकार दिसतात: डॅशबोर्डवर ठेवून लायटर सॉकेटमध्ये खोचायचं दीड वॅटचं, मग १० वॅट आणि २० वॅट. कुठलं पुरेल? पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर लागतोच का? पावसाळ्यात काय करायचं? गाडीवर कव्हर असतं, तेही सांगून ठेवतो.

वायर_आणि_फ्यूज

पॅनेलचं नंतर बघू. आधी गाडी उभ्या उभ्या किती करंट खाते ते मोजा, नाहीतर सगळे आकडे हवेत.

साधा मल्टिमीटर घ्या, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. बॉनेट उघडा, मग दारं बंद करा. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ करा, नाहीतर काही गाड्या जाग्याच राहतात. रिमोट चावी असेल तर घरात नेऊन ठेवा. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सैल करा. तो काढण्यापूर्वी एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून (टर्मिनलपासून) काढायच्या क्लॅम्पपर्यंत समांतर लावा, मीटर त्याच दोन टोकांत जोडा आणि शेवटी ती वायर काढा. कनेक्शन एकदा जरी तुटलं तरी सगळे कंट्रोल युनिट पुन्हा उठतात आणि मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतो. लोक तो आकडा बघून घाबरतात. अर्धा-पाऊण तास थांबा, मग वाचा. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका, स्टार्टरचा करंट मीटरचा फ्यूज घेऊन जाईल.

२० ते ५० मिलीअँपिअर नॉर्मल. ३० धरले तर दिवसाला ०.७२ एएच. म्हणजे ३५ एएचची भरलेली बॅटरी अर्ध्यावर यायला तीन आठवड्यांहून जास्त लागायला हवेत. तुमची पंधरवड्यात बसतेय, तेव्हा संशय ट्रॅकर आणि डॅशकॅमवर. डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर तो एकटा २००-३०० मिलीअँपिअर ओढू शकतो. तो मोड आजच बंद करा, छोटं पॅनेल त्याला पुरं पडणार नाही.

दुसरं, १० किंवा २० वॅटचं पॅनेल हे बसलेली बॅटरी उठवण्याचं साधन नाही. आधी विजेवरच्या चार्जरने ३-४ अँपिअरने रात्रभर पूर्ण चार्ज करा, मग १२ तास काहीही न लावता ठेवून व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर असेल तर उत्तम. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. पूर्ण चार्ज करूनही १२.४ च्या खाली येत असेल, किंवा स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर पॅनेलचे पैसे वाचवा आणि बॅटरी बदला. वारंवार शून्यावर गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, ते सोलरने जात नाही.

सेक्टर_सोळा

इतका घोळ कशाला? नेरूळला कितीतरी गाड्यांत दीड वॅटचं पॅनेल काचेच्या आत पडलेलं असतं. इतक्या छोट्या पॅनेलला कंट्रोलर लागत नाही. सॉकेटमध्ये खोचा आणि विसरा.

वायर_आणि_फ्यूज

@सेक्टर_सोळा कंट्रोलर लागत नाही हे बरोबर. ८०-८५ मिलीअँपिअरने ३५ एएचची बॅटरी ओव्हरचार्ज होत नाही. आत ब्लॉकिंग डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) असला म्हणजे झालं, नाहीतर रात्री पॅनेलच बॅटरीतून थोडं पिऊन घेतं.

पण हिशोब करा. विंडस्क्रीनची लॅमिनेटेड काच, वर काळी पट्टी, पॅनेल आडवं पडलेलं: निम्मं गेलं. राहिले ४०. साडेतीन तास ऊन म्हणजे ०.१५ एएच. गाडी खाते ०.७ च्या पुढे. बॅटरी बसायची ती बसणारच, दोन-चार दिवस उशिरा. आणि पॅनेलवरचा हिरवा दिवा फक्त ऊन पडतंय एवढंच सांगतो. सॉकेटपर्यंत गेलेला करंट बॅटरीत पोचला का, ते त्याला माहीत नसतं. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की सॉकेट बॅटरीपासून तुटतं. चावी काढून, दहा मिनिटं थांबून सॉकेटमध्ये मीटर लावून बघा. शून्य दाखवलं तर तो प्लग नुसता शोभेचा.

दहाचा_पाना

जोडणीचं मी लिहितो, कारण गोंधळ इथेच होतो.

लागणारं सामान: २० वॅटचं ‘१२ व्होल्ट’ पॅनेल (३६ सेलचं, पाठीमागच्या स्टिकरवर ओपन सर्किट २१-२२ व्होल्ट लिहिलेलं असतं), साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (स्वस्तातला, करंट चालू-बंद करून चार्ज आवरणारा), ब्लेड फ्यूजचा वायरवाला होल्डर आणि ५ अँपिअरचा फ्यूज, दीड स्क्वेअर मिमीची दोन रंगांची तांब्याची वायर, दोन रिंगवाले थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), एक दोन पिनांचा कनेक्टर, फ्लेक्झिबल पाइप. लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा) कंट्रोलर घेऊ नका. २० वॅटला त्याचा फायदा नगण्य, खर्च मात्र कितीतरी जास्त.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. तो पॅनेलसाठी नाही. पॅनेल शॉर्ट झालं तरी अँपिअर-सव्वा अँपिअरच देतं. बॅटरी मात्र शेकडो अँपिअर देते आणि वायर बॉनेटच्या कडेला घासून उघडी पडली की आग तिथूनच लागते. मगरी चिमटे कायमचे लावून ठेवू नका, बॉनेट बंद करताना पॉझिटिव्हचा चिमटा पत्र्याला टेकतो. थिंबल क्रिंप करून टर्मिनलच्या नटाखाली घ्या.

क्रम: कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल. बॅटरी न लावता पॅनेल जोडलं तर स्वस्तातला कंट्रोलर २० व्होल्ट बघून १२ की २४ यातच गडबडतो, कधी जळतोही. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार तपासा. काही कंट्रोलर लिथियमवर सेट असू शकतात. साध्या लेड अॅसिडला चार्ज १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.७ ठीक. मे महिन्यात बॉनेटखाली ४५ अंश सहज होतं आणि तापमान वाढेल तसं फ्लोट अंशामागे साधारण १८ मिलीव्होल्टने उतरवायला हवं. स्वस्त कंट्रोलर हे आपणहून करत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात हाताने १३.४-१३.५ करून ठेवा. नाहीतर पाणी उडतं. बॅटरी झाकणवाली असेल तर मार्च ते मे डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहा.

एक बारीक गोष्ट: हे निळे-काळे स्वस्त कंट्रोलर बहुतेक ‘कॉमन पॉझिटिव्ह’ असतात, म्हणजे तोडजोड निगेटिव्हवर होते. पॅनेलची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला कुठेही टेकली तर कंट्रोलर बायपास होतो आणि बॅटरी थेट पॅनेलवर. पॅनेलच्या दोन्ही वायरी कंट्रोलरपर्यंत स्वतंत्र आणा. कंट्रोलर पाण्यापासून लांब पण बॅटरीच्या जवळ ठेवा, कारण तो व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो.

आणि इंजिन बेमधली वायर फ्लेक्झिबल पाइपातच घाला. पहिल्या पावसात उंदीर बॉनेटखाली येतात, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको.

कासारवडवलीकर

मोजलं. ट्रॅकर काढून २८ मिलीअँपिअर, ट्रॅकरसकट ८८. डॅशकॅमचा पार्किंग मोड चालू होता, तो बंद केला. सॉकेट चावीशिवाय मेलेलं आहे. बॅटरी चार्ज करून १२ तासांनी १२.६५ आली.

दोन शंका. निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी काळी डबी आहे, तिच्यातून वायर निघते. थिंबल कुठे लावू? आणि पॅनेल ठेवू कुठे? टपावर ठेवलं तर कव्हर घालता येत नाही.

दहाचा_पाना

ती डबी बॅटरी सेन्सर आहे. आत-बाहेर जाणारा करंट ती मोजते आणि त्यावर गाडी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चालवते. तुमची निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खांबावर लावली तर सोलरचा करंट तिच्या नजरेआड जातो आणि तिचा हिशोब चुकतो. म्हणून निगेटिव्ह बॉडीच्या अर्थ बोल्टवर, जिथे बॅटरीची काळी केबल पत्र्याला लागते तिथे. पॉझिटिव्ह थेट बॅटरीवर. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांना हे हमखास लागू. तिथे बॅटरी ईएफबी किंवा एजीएम (वारंवार स्टार्टसाठी बनवलेले लेड अॅसिडचे प्रकार) असते, तर कंट्रोलरचं सेटिंगही तसं ठेवा.

वायर_आणि_फ्यूज

८८ म्हणजे दिवसाला २.१ एएच. अर्धी बॅटरी आठ दिवसांत. पंधरवड्यात का बसत होती ते इथेच कळलं, डॅशकॅमचं वेगळंच.

२० वॅटचं पॅनेल उन्हात १.१ अँपिअर देतं. साडेतीन तास, त्यातून धूळ आणि गरम झालेल्या सेलची घट काढली तर २.९ एएच. कंट्रोलर स्वतः १० मिलीअँपिअर खातो, म्हणजे ०.२४. बॅटरीत शिरताना दहा-पंधरा टक्के वाया. हातात २.३ उरले. म्हणजे २० वॅट जेमतेम, १० वॅट नाही. घोडबंदरची धूळ बघता आठवड्याला एकदा ओलं फडकं मारायला हवं.

आता जागेबद्दल. ‘सध्या ऊन मिळतं’ यावर जाऊ नका. ठाण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरात तोच माध्यान्हीला सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेकडे. ९० मीटरच्या टॉवरची सावली तेव्हा भर दुपारी ८० मीटरहून लांब, उत्तरेकडे पडते. तुमची जागा टॉवरच्या उत्तरेला असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी ऊन विसरा. फोनच्या होकायंत्राने आत्ताच तपासून घ्या. अर्धवट सावलीही चालत नाही. ३६ सेल एका माळेत असतात, एका सेलवर झाडाची फांदी आली तरी सगळ्या पॅनेलचा करंट पडतो.

म्हणून पॅनेल गाडीवर हवंच असं नाही. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा पोडियमच्या कठड्यावर, २० अंश कलता, तोंड दक्षिणेला. वायर लांब होईल ही भीती सोडा. १० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर दीड स्क्वेअरमध्ये १.१ अँपिअरला पाव व्होल्टच पडतो, आणि पॅनेलकडे तीन व्होल्ट जास्तीचे आहेत. कंट्रोलर मात्र गाडीकडेच. बॉनेटच्या कडेतून दोन पिनांचा कनेक्टर बाहेर काढा, गाडी काढताना खेचला की सुटतो. त्याचं बॅटरीकडचं टोक झाकलेल्या पिनेचं घ्या. कव्हरचा प्रश्नही इथेच मिटतो. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि येऊरच्या बाजूला राहत असाल तर माकडांसाठी वायर क्लिपा मारून घट्ट बसवा.

पावसाळ्यात ढगाळ दिवसाचं उत्पन्न पाचव्या हिश्श्यावर येतं, २० वॅटला अर्धा-पाऊण एएच. ट्रॅकरशिवायचे ०.६७ बरेचसे निघतील, ट्रॅकरसकट नाही. जून ते सप्टेंबर ट्रॅकरचा फ्यूज काढून ठेवा किंवा दहा-बारा दिवसांनी चार्जर लावा.

खारघर_स्टिल्ट

आमची गाडी स्टिल्टमध्ये, उन्हाचा थेंब नाही. रोज दहा मिनिटं स्टार्ट ठेवणं चालेल का?

दहाचा_पाना

नाही. आयडलिंगवर अल्टरनेटर कमी देतो, त्यात एसी-पंखा लावला तर बॅटरीत काय जाणार? वर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायचीच तर आठवड्यातून एकदा पाऊण तास, पाम बीच रोडला एक जाऊन-येऊन.

तीन-चार आठवडे हलणार नसेल तर निगेटिव्ह काढून चिंधीत गुंडाळून ठेवा. घड्याळ पुसलं जाईल, खिडकीचं ऑटो-अप पुन्हा शिकवावं लागेल. पण त्याआधी एक खात्री करा: ड्रायव्हरचं दार साध्या चावीने उघडतं ना? रिमोटच्या फॉबमधून निघणारी ती छोटी पाती कधी वापरलेली नसते, लॉक गंजून अडकलेलं असतं. ते अडलं तर बॉनेटची खटकी आत, आणि तुम्ही बाहेर. चावी लॉकमध्ये फिरवून बघा, ग्राफाइटची पूड घाला, मगच पान्याला हात लावा.

पार्किंगजवळ विजेचं सॉकेट असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनन्स चार्जर, ०.८ ते १ अँपिअरचा. फ्लोटवर चार्जर १० वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला सातेक युनिट. कॉमन मीटरवर लावायचं असेल तर सेक्रेटरीशी आधी बोला आणि सबमीटर बसवून घ्या.