लिंबाच्या पानांवरचा चिकटा

मीनाताई (बी-२०३): खालच्या लिंबाची पानं काळी पडलीत. हात लावला की बोटं काळी होतात. झाडाखालच्या स्कूटरच्या सीटवरही चिकट थेंब आहेत.

देसाई काका (ए-१०१): बुरशी आहे. बुरशीनाशक मारा, जाईल.

सुजाता (सी-४०४): काका, बुरशी आहेच, पण ती मागाहून आलीय. मीनाताई, कोवळ्या फांद्या आणि पानामागची मधली शीर बघा. मसुराच्या डाळीसारखे तपकिरी उंचवटे आहेत का? मुंग्या?

मीनाताई: मुंग्यांची रांगच आहे! उंचवटे मला फांदीच्या गाठी वाटल्या.

सुजाता: एक नखाने उचकटा.

मीनाताई: अलगद सुटलं. खालून पिठासारखं काहीतरी सांडलं.

सुजाता: ती अंडी. खवले कीड आहे ही. फांदीत सोंड खुपसून रस पिते आणि जास्तीची साखर बाहेर टाकते, तोच चिकटा. त्यावर ती काळी बुरशी, म्हणजे काजळी, वाढते. कीड गेली की काजळीही हळूहळू झडते.

अनिकेत (बी-५०१): मग एकदाच जालीम कीटकनाशक मारूया ना?

सुजाता: नको रे, मनापासून सांगते. मोठ्या मादीला कवच असतं, वरून मारलेलं औषध तिला फारसं लागत नाही. लागतं ते पिल्लांना. ती मिलिमीटरहून लहान, पिवळसर असतात आणि जागा धरेपर्यंत थोडेच दिवस रांगतात. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळ, रोज भिंगातून बघ. पिवळे ठिपके अडकले की फवारायची वेळ.
आणि जालीम औषधाने ढालकिडे, म्हणजे ही कीड खाणारे लेडीबर्ड, आधी मरतात. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने बसल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणून सोडले आणि बागा सावरल्या. पुढे १९४०च्या दशकात डीडीटी आलं, ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

देसाई काका: हे माहीत नव्हतं. मग करायचं काय?

सुजाता: फार भरलेल्या फांद्या छाटून पिशवीत बंद करा. बाकीच्या जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. खोडाला कापड बांधून त्यावर चिकट पट्टा लावा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. पिल्लं दिसली की लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या मागून. आधी दोन-चार पानांवर मारून बघा. १०-१२ दिवसांनी पुन्हा. झाड तहानलेलं असेल तर आदल्या दिवशी पाणी घाला, नाहीतर पानं करपतात.

शोभाकाकू (ए-३०२): गेटजवळच्या सायकसवर चुना उडाल्यासारखं पांढरं झालंय. चिकट काही नाही, मुंग्याही नाहीत.

सुजाता: काकू, तीही खवले कीडच, पण टणक कवचाची. ही जात चिकटा टाकत नाही, म्हणून उशिरा लक्षात येते. फार पांढरी झालेली पानं कापूया. उद्या सकाळी येते, दोघी मिळून बघू.

अनिकेत: पण मेली हे कळणार कसं? खवले तर तशीच चिकटून राहतील.

सुजाता: राहतातच. नखाने दाबायचं. ओल आली तर जिवंत, कोरडं चुरलं तर मेलेलं. कवचाला गोल बारीक भोक दिसलं तर आतली कीड परोपजीवी माशीने, म्हणजे किडीत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीच्या पिल्लाने, खाल्लीय. अशा फांदीला हात लावू नका, तिथे आणखी माश्या वाढत असतील.

मीनाताई: आत्ता बारा दाबून बघितली. सातांत ओल, तीन कोरडी, दोनांना भोक. ती दोन आहेत त्या फांदीला लाल दोरा बांधलाय. छाटताना ती सोडा.