मंडळाचा लॅपटॉप सुरू होत नाहीये, कोणी बघेल का?

कार्यवाह, सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,
संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि उरलेले वाणाचे डबे माझ्या गाडीच्या डिकीतच राहिले. शनिवारी रात्री पारा उणे १० फॅरनहाइट. काल लॅपटॉप घरात आणला, लगेच चार्जरला लावला, रात्रभर तसाच ठेवला. आज बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही. सभासदांची यादी आणि हळदीकुंकवाचे फोटो त्यातच आहेत. बॅकअपचं कृपया विचारू नका.

एक सभासद, रात्री ९:५५

माझ्याकडे एसएसडी (लॅपटॉपमधली माहिती साठवणारी डिस्क) बाहेरून जोडायची डबी आहे. खालचे स्क्रू काढले की तासाभरात यादी हातात. येऊ का?

काका (ब्लूमिंग्टन, मिनेसोटा), रात्री १०:३०

अरे बाबा, आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. त्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर दुसऱ्या काँप्युटरला जोडल्याबरोबर ४८ आकडी किल्ली मागेल. ती असली तर मागच्या कार्यवाहांच्या खात्यात, आणि ते गेलेत नाशिकला, नातवाच्या मुंजीला.

आणि तू गं, चार्जर लावायची एवढी घाई का केलीस? आपण बाहेरून घरात शिरलो की चष्मा धुरकटतो ना, तसंच आत बोर्डावर दव धरतं. बॅगेतून न काढता चार-पाच तास घराच्या उबेला येऊ द्यायचा. शिवाय बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली असेल तर लॅपटॉप तिला चार्जच करू देत नाही. असो, आता एक दिवस घरात झालाय, तेव्हा ते कारण संपलं. आता लॅपटॉप राहू दे बाजूला. चार्जरच्या ठोकळ्यावर ‘आउटपुट’पुढे बारीक अक्षरात काय छापलंय, तेवढं वाचून कळव.

कार्यवाह, मंगळवार, सकाळी ७:१५

फोनचा टॉर्च मारून वाचलं. ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर. पण काका, पिन अगदी व्यवस्थित बसते हो.

काका, सकाळी ७:३२

बसणारच! टाइप-सी सगळीकडे बसते, तीच तर पंचाईत आहे. हा फोनचा चार्जर, ९ गुणिले २.२२ म्हणजे २० वॉट. आपल्या लॅपटॉपला २० व्होल्टला ३.२५ अँपिअर लागतात, म्हणजे ६५ वॉट. वायर जोडली की दोघांची घासाघीस सुरू होते. लॅपटॉप म्हणतो २० व्होल्ट दे, चार्जर म्हणतो माझी ऐपत ९ पर्यंतच. बॅटरी भरलेली असती तर तुला कळलंही नसतं. ती पार रिकामी झालेली, मग उठणार कशाच्या बळावर?

मूळ चार्जर शोध. काळा ठोकळा, आणि भिंतीकडून येणाऱ्या वायरीचं टोक बेलाच्या पानासारखं, तीन पाकळ्यांचं.

खजिनदार, सकाळी ८:०५

बेलाचं पान प्रोजेक्टरच्या पेटीत आहे, रिमोटच्या खाली. आवराआवरीत मीच कोंबलं. चूक झाली.

कार्यवाह, संध्याकाळी ६:५०

सापडला! ठोकळ्यावरचा दिवा लागला, पण बटण दाबलं तर स्क्रीन काळीच. 😟

काका, संध्याकाळी ७:०१

धीर धर. इतकी उतरलेली बॅटरी लगेच उठत नाही. अर्धा तास हातही लावू नकोस. मग चार्जर काढ, बटण दाबून धर आणि मनात सावकाश तीस मोज. सोडून दे, चार्जर परत लाव, एकदाच दाब. पाचपाचदा दाबू नकोस, लिफ्ट नाहीये ती.

कार्यवाह, रात्री ८:०४

काका, झाला सुरू!!! यादी आहे, फोटो आहेत. एकच शंका. टेबलावर ठेवला की डुगडुगतो, आणि टचपॅड दाबला जात नाही. थंडीने आकसलाय का?

काका, रात्री ८:०६

आकसला नाही, बॅटरी फुगली आहे. आत्ताच्या आत्ता यादी आणि फोटो पेनड्राइव्हवर घे, बंद कर, चार्जर काढ. वरून दाबून सपाट करायला जाऊ नकोस, टोचू नकोस. सोफ्यावर किंवा पलंगाजवळ नको, गराजच्या फरशीवर ठेव, आजूबाजूला खोकी नकोत.

शनिवारी मी येऊन बॅटरी काढतो. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. हेनेपिन काउंटीची केंद्रं ब्रुकलिन पार्कला आणि इथे ब्लूमिंग्टनला आहेत, फुगलेली आहे असं आधी फोनवर सांगून मीच नेऊन देईन. खजिनदारसाहेब, नव्या बॅटरीचं बघा.

कार्यवाह, रात्री ८:४१

फोटो घेतले, यादी घेतली, लॅपटॉप बंद करून गराजमध्ये ठेवला. काका, शनिवारी जेवायलाच या.

खजिनदार, रात्री ८:५०

बॅटरीचं बिल पाठवा, देऊन टाकतो. ते वाणाचे डबे अजून डिकीतच आहेत का?

कार्यवाह, रात्री ८:५२

हो.