आईचा तोल जातो, घरी येऊन व्यायाम आखून देणारे फिजिओथेरपिस्ट हवेत (दादर-माहीम)

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची, राहायला दादरला. मध्यंतरी बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडकून पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तिने जी धास्ती घेतलीय ती जात नाही. शिवाजी पार्कची रोजची फेरीसुद्धा बंद. मला पडण्यापेक्षा या बसून राहण्याचीच जास्त काळजी वाटते, कारण त्याने मांड्यांतली ताकद जाते आणि तोल आणखी बिघडतो.

सरळ चालताना ती ठीक असते. पण दोरीवरचे कपडे काढून मागे वळली, की हात आधी ग्रिलकडे जातो. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही चाचणी घरी घेतली तर १६ सेकंद लागले. १२ किंवा जास्त लागले तर धोका आहे असं समजतात.

एक फिजिओ येऊन गेले. गुडघ्याला मशीन लावलं, छापील कागद हातात दिला आणि निघाले. तिला उठवून, चालवून पाहिलंच नाही! त्या कागदात एका पायावर उभं राहा असं आहे. उजवा गुडघा दुखत असताना ते तिला कसं जमणार?

वयस्कांचं पडणं टाळण्यासाठीच्या न्यूझीलंडच्या ओटागो व्यायामपद्धतीत फिजिओ घरी येऊन माणूस तपासतात, घोट्याला किती वजन बांधायचं, आधार कधी सोडायचा हे त्याच्यापुरतं ठरवतात आणि पुढे वाढवत नेतात. व्यायाम आठवड्यातून ३ दिवस, चालणं वेगळं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातही व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटल्याचं आहे, आणि त्यात मुख्य भर तोलाच्या व्यायामावर होता. नुसत्या चालण्याबद्दल तशी खात्री देता येत नाही.

असं काम करणारं कुणी दादर-माहीम भागात माहीत आहे का? केईएम किंवा नायरच्या फिजिओथेरपी ओपीडीत तोलाची तपासणी करून घेतली असेल तर अनुभव सांगा. रांगेत आईला किती वेळ उभं राहावं लागेल? बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे उभं राहिल्यावर बीपी उतरतं का हे कळायला झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी डॉक्टरांकडून बघून घेणारच आहे.

आणि "पुन्हा पडले तर?" म्हणणाऱ्या आपल्या माणसाला तुम्ही व्यायामाला कसं तयार केलंत, तेही नक्की लिहा.