डीडीआर६ मेमरीची वाट बघू, की आत्ताच मदरबोर्ड बदलू?

अस्थिशाळा

मी प्राणिशास्त्र शिकवते. हाडांच्या नमुन्यांचे चहूबाजूंनी फोटो काढून त्यांची त्रिमितीय मॉडेल्स बनवते, म्हणजे एकच नाजूक कवटी साठ मुलांच्या हातांतून फिरवावी लागत नाही. मशीन २०१४ चं आहे: आय७-४७९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ या तेव्हाच्या पिढीच्या मेमरीच्या (रॅमच्या) ८ जीबीच्या दोन पट्ट्या. स्लॉट दोनच आणि १६ जीबीच्या वर हा बोर्ड जातच नाही.

गेल्या आठवड्यात बगळ्याच्या कवटीचे ३१० फोटो लावले. फोटो एकमेकांशी जुळेपर्यंत सगळं ठीक चाललं. पृष्ठभागाचे दाट बिंदू काढायचा टप्पा आला आणि मेमरी ९९ टक्क्यांवर जाऊन बसली. माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी सरकायचा. रात्रभर तसंच चालू ठेवलं, सकाळी बघते तर प्रोग्राम बंद पडलेला. रीस्टार्ट केलं तर नुसते बीप आणि काळा पडदा. मग पट्ट्या काढल्या, सोनेरी टोकं खोडरबरने घासली, कण ब्रशने झाडले, परत टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या, तेव्हा कुठे चालू झालं. या वर्षातली ही दुसरी वेळ.

त्यात विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. तेव्हा बदलायचं हे नक्की. पण २०२० मध्येही नक्कीच होतं! तेव्हा ओळखीतल्या एकांनी सांगितलं, डीडीआर५ येतंय, थांबा. थांबले. ते आल्यावर म्हणाले, पहिली खेप आहे, अजून थांबा. आता तेच डीडीआर६ आणि कॅम२ (मेमरी बसवण्याची नवी, चपटी पद्धत) बद्दल ऐकतेय. अजून पाच वर्षं या बोर्डावर काढायची माझी तयारी नाही, आणि दोन वर्षांत अडगळीत जाईल असा बोर्डही घ्यायचा नाही. काय करू?

सोल्डरवाला

ताई, मानक प्रसिद्ध होणं आणि घेण्याजोगी पट्टी हातात येणं यांत बराच काळ जातो. डीडीआर४ चं मानक सप्टेंबर २०१२ चं. पहिले डेस्कटॉप बोर्ड आले ऑगस्ट २०१४ मध्ये, तेही एक्स९९ चिपसेटचे महागडे. साध्या बोर्डांवर ती मेमरी यायला २०१५ उजाडलं. डीडीआर५ चं मानक जुलै २०२० चं, बोर्ड नोव्हेंबर २०२१ मध्ये. डीडीआर६ चं तर अंतिम मानकच अजून यायचंय. त्यानंतर बोर्ड, त्यानंतर बरे बोर्ड, आणि मग आवाक्यातली मेमरी. तुमचा बगळा तोवर कुठे थांबणार?

‘पहिली खेप’ म्हणजे काय तेही एकदा आकड्यांत बघा. सीएलच्या (पट्टीला डेटा द्यायला लागणाऱ्या ठोक्यांच्या) आकड्याला २००० ने गुणायचं आणि पट्टीच्या वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदांत येतं, जितकं कमी तितकं बरं. डीडीआर४-३२०० सीएल१६ ला येतात १०. सुरुवातीच्या डीडीआर५-४८०० सीएल४० ला येतात जवळपास १६.७. नंतरच्या ६००० सीएल३० ला परत १०, आणि डेटा मात्र जवळपास दुपटीने वाहून नेते. म्हणजे डीडीआर५ साठी तेव्हा थांबा म्हणणारे चुकले नव्हते. पण डीडीआर५ घेणाऱ्या २०२१ च्या त्याच इंटेल प्रोसेसरांसाठी डीडीआर४ चे बोर्डही मिळत होते. ते घ्या असं तुम्हाला कुणीच सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बोर्ड निवडताना मेमरीपेक्षा सॉकेटकडे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेकडे बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले आणि एप्रिल २०२२ चा ५८००एक्स३डी त्याच सॉकेटात बसला. सुरुवातीच्या कित्येक बोर्डांवर फक्त बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करून तो चालला. एएम५ सप्टेंबर २०२२ चं आहे, आणि २०२७ पर्यंत व पुढेही त्याला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. पुढे प्रोसेसर तेवढा बदलता येईल, बोर्ड आणि मेमरी तीच ठेवून. ‘अडगळीत जाणार नाही’ याचा माझ्या लेखी एवढाच अर्थ.

कॅम२ चं मानक डिसेंबर २०२३ मध्ये आलं, पण ते मुख्यतः लॅपटॉपच्या पातळ शरीरासाठी आहे. डेस्कटॉपवाल्यांनी त्याच्यासाठी अडून राहू नये.

शांत_पंखा

मी थोडं वेगळं सांगतो. डीडीआर६ साठी थांबू नका, हे मान्य. पण २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव फार चढले, कारण कारखान्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलं. मशीन धड चालत असतं तर भाव उतरेपर्यंत थांबा असंच म्हटलं असतं.

सोल्डरवाला

मशीन धड चालत नाहीये हो, पट्ट्या घासून सुरू करावं लागतंय. आणि भाव कधी उतरतील हे तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही. ताई, नेमकी किती मेमरी लागते ते मोजून तेवढीच घ्या, पण एका वेळी घ्या. ‘आत्ता दोन पट्ट्या, पुढच्या वर्षी आणखी दोन’ असं एएम५ वर करू नका. रायझन ९००० ला दोन पट्ट्यांवर ५६०० चा अधिकृत वेग आहे, चारही स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. ६००० म्हणजे त्याच्याही वरचं, बायोसमध्ये एक्स्पो (मेमरी जास्त वेगाने चालवायचा एएमडीचा पर्याय) चालू करून मिळणारं. ३२ च्या दोन घ्या, दोन स्लॉट रिकामे राहू देत.

आणि कुणी जुन्या डीडीआर४ पट्ट्या देऊ केल्या तर नको म्हणा. टोकं डीडीआर४ आणि एएम५ ला लागणाऱ्या डीडीआर५ या दोन्हींना २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलेल्यांचे तुटलेले स्लॉट मी पाहिलेत.

कॅबिनेट_उघडा

पॉवर सप्लायही २०१४ चाच असेल तर तो नव्या बोर्डाला जोडू नका. कॅबिनेट आणि एसएसडी खुशाल ठेवा.

अस्थिशाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. एएम५ चा बोर्ड, ३२ च्या दोन पट्ट्या आणि नवा पॉवर सप्लाय घेतला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पंखे फिरतायत, पडदा काळा, बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा दिवा पेटलेला. सवयीने हात पट्ट्या काढायला गेलाच होता. मग मॅन्युअलमध्ये दिसलं की पहिल्या वेळी बोर्ड मेमरीशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, मध्येच वीज बंद करू नये. घड्याळ लावून बसले. चौथ्या मिनिटाला दिवा विझला आणि बायोस आलं, ६४ जीबी दाखवत. नव्याने घेणाऱ्यांना हे आधीच सांगत जा, फार घाबरायला होतं.

तेच ३१० फोटो परत लावले. मेमरी ४१ जीबीपर्यंत चढली आणि काम संध्याकाळच्या आत संपलं. बगळ्याच्या दोन्ही डोळ्यांच्या खोबणींमध्ये कागदासारखा पातळ हाडाचा पडदा असतो. जुन्या मशीनवर दर्जा कमी करून मॉडेल काढायचे, तेव्हा तिथे नेहमी भोक पडायचं. या वेळी तो अखंड आलाय, कडेच्या बारीक रेघेसकट.