मदत हवी आहे: एमएस असलेल्या बहिणीचं अचानक रडणं-हसणं

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे, रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकारचा, म्हणजे मधूनमधून उसळी मारून पुन्हा ओसरणारा. हातापायांचं कसंबसं सांभाळून घेतो, पण हल्ली ती काही कारण नसताना मध्येच रडायला लागते. मध्यंतरी तिच्या चुलत सासऱ्यांच्या तेराव्याला गुरुजी मंत्र म्हणत असताना तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. सासूबाई अजून धड बोलत नाहीत. ती मला म्हणाली, “ताई, आतून हसू येतच नव्हतं गं.”

न्यूरॉलॉजिस्टनी याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात एवढं सांगितलं. भावना व्यक्त होण्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो, नैराश्य वेगळं. पण मला तर तेही दिसतंय: झोप नाही, जेवणावर वासना नाही. शिवाय मागच्या रिलॅप्सला (आजार उसळला तेव्हा) मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची सलाइन लावली, तेव्हा रात्ररात्र कपाटं आवरत बसायची. पुन्हा स्टेरॉइड द्यावं लागलं तर काय, ही धास्ती आहेच.

एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावर देतात त्या) गोळ्या या रडण्या-हसण्यासाठी कुणी घेतल्यात का? फरक पडायला किती वेळ लागला? अमेरिकेत २०१० साली डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडीनचं एकत्र औषध यासाठी मंजूर झालं. इथे कुणाला डॉक्टरांनी लिहून दिलंय का? पुण्यात एमएसचे पेशंट नेहमी बघणारे सायकिॲट्रिस्ट माहीत असतील तर कळवा. आणि सासरच्यांना हे कसं समजावलंत, तेही सांगा. “योगा करा, पॉझिटिव्ह राहा” एवढं मात्र नको, ते रोज ऐकतोय.