प्रति: सायक्लेमेन कोकणात बियांपासून

कुंडी पडवीत घेतली की पाऊस लागत नाही, मग सायक्लेमेनचा, म्हणजे मागे वळलेल्या पाकळ्यांच्या त्या फुलझाडाचा, कंद कुजेल कशाला, हे कोकणात ते बियांपासून वाढवण्याबद्दलच्या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटतं. बी अंधारात आणि गारव्यात, साधारण १५ ते १८ अंशांना रुजतं, हे बरोबर. पण ही भूमध्य समुद्राकडची झाडं. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणून कंद उन्हाळाभर झोपतो नि थंडीत वाढतो. आपल्याकडे त्याच्या झोपेच्या महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पागोळ्यांपासून वाचवलंत तरी हवेतली ओल आणि उबदार रात्री कुठे जातील?

मागे वळलेल्या पाकळ्यांचीच ओढ असेल तर तशाच पाकळ्यांची कळलावीची वेल लावा, अगदी मनापासून सांगतो. तिचा कंद आपल्या पावसाच्या तालावर चालतो: मिरगानंतर कोंब, श्रावण-भाद्रपदात हिरवट-पिवळ्यावरून लाल होत जाणारी फुलं, दिवाळीनंतर वेल सुकून विश्रांती. बोंडं तडकली की लाल बी काढून ठेवा आणि पावसाच्या तोंडावर पेरा. सगळं एकदम उगवत नाही, काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतं, म्हणून माती उपसून टाकू नका. फूल यायला तीन-चार पावसाळे जातात. पानाच्या टोकाचाच ताणा होतो, तेव्हा गडग्यालगत (दगडी कुंपणभिंतीलगत) वईचा, म्हणजे काटक्यांच्या कुंपणाचा, आधार पुरतो. कंद हलवताना टोकाचा डोळा जपा. तो मोडला तर कोंब येत नाही. आणि सगळी वेल विषारी आहे, कंद तर फारच. घरात लहान मुलं किंवा दारात गुरं असतील तर कुंपणापलीकडेच लावा.