रोजच्या वापराला जुनी जीटी : जमतं की नुसती हौस?

(ऑनलाइन मंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरा गिअर

परवा एका ओळखीच्यांनी माझ्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवरून हात फिरवला आणि सगळे विचारतात तेच विचारलं. "झकास आहे हो, पण एरवी कुठली चालवता?" एरवीही हीच, म्हटल्यावर चेहरा असा झाला, जणू मी आजोबांना मॅरेथॉनला पळवतोय.

गाडी पोर्श ९२८ एस४, १९८८ ची. इंजिन पाच लिटरचं, बत्तीस व्हॉल्व्हचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं. माझ्याकडे सहा वर्षं आहे आणि रोज जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पळते. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये रोज चालवण्याजोगी एखादी जात असेल, तर ती जीटीच, असं माझं ठाम मत झालंय. जीटी म्हणजे ग्रॅन टुरिस्मो, नावच लांबच्या प्रवासाचं. ट्रॅकवर दहा फेऱ्या मारून पाठ धरायला लावणारी गाडी वेगळी. दोन माणसं नि त्यांच्या बॅगा घेऊन दिवसाला सात-आठशे किलोमीटर तोडायचे आणि संध्याकाळी ताठ उभं राहून उतरायचं, यासाठी केलेली गाडी वेगळी.

९२८ आली १९७७ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. १९७८ ची युरोपियन कार ऑफ द इयर झाली. तोवर हा मान एकाही स्पोर्ट्स गाडीला मिळाला नव्हता. काढली होती पोर्शच्याच ९११ ची जागा घ्यायला. ते काही जमलं नाही. १९९५ मध्ये ९२८ बंद झाली, ९११ अजून विकली जातेय. पण काढणाऱ्यांनी डोकं लावलं होतं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं. स्टिअरिंग वर-खाली केलं की मीटरचा अख्खा डबा त्याच्याबरोबर हलतो, काटे कधी चाकाआड जात नाहीत. मागच्या सीटवाल्यांनाही सन व्हायजर आहेत! (त्या सीटवर मावेल असा माणूस अजून सापडायचाय, ते सोडा.) पत्रा गॅल्व्हनाइज्ड, दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमची. मागची काच उचलून सीट पाडली की कपडे वाळत घालायचा स्टँडसुद्धा आत जातो. आणलाय मी.

आणि मुख्य मुद्दा असा की गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते. सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टाकीत पेट्रोल शिळं होतं. चादर काढून रविवारी फक्त पुसणाऱ्यांनी यावर बोलावं.

हाणा आता.

शंकेखोर

रविवारी पुसणारा हजर आहे.

दोनच गोष्टी विचारतो. घरात दुसरी गाडी आहे का? आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललात?

पहिलं अशासाठी की "रोज" या शब्दाचा अर्थच तिथे ठरतो. माझ्या मते रोजची गाडी म्हणजे पहाटे चारला कुणाला तरी दवाखान्यात न्यायचंय तेव्हा डोळे झाकून किल्ली उचलता येते ती. जिच्या पाठीशी दुसरी उभी आहे ती रोजची नव्हे, आवडती.

दुसरं अशासाठी की तुमच्या त्या बत्तीस व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा, दोन मीटरहून लांब रबरी पट्टा तो. तो शाबूत आहे तोवर सगळी काव्यं शाबूत.

मीही अडीच वर्षं हा खेळ केलाय. गाडीचं नाव लिहीत नाही, उगाच तिचे भक्त अंगावर यायचे. एकदा सिग्नलला उभा असताना पेट्रोलचा वास आला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून काच वर केली, तर वास वाढला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. पेट्रोलचा रबरी पाइप बाहेरून ठीकठाक दिसत होता, चिमटीत धरला तर बोटाला काजळी लागावी तसं काळं लागलं आणि वाकवल्यावर बारीक बारीक भेगा उघडल्या. एका भेगेतून थेंब ओघळून बरोबर एग्झॉस्टच्या दिशेने चालला होता. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं हे वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि आपल्या बोटावर तो रंग बघणं वेगळं.

तेव्हापासून मी पुसणारा.

चोक ओढा

शंकेखोर, पाइप बदला, अर्ध्या तासाचं काम आहे ते! इथेनॉल चालणारे पाइप सर्रास मिळतात. एका पाइपपायी अख्खी हौस टांगून ठेवलीत की.

रोज चालवता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव : अर्व्ह गॉर्डन. शाळेत विज्ञान शिकवणारा अमेरिकन माणूस. १९६६ साली व्होल्व्हो १८००एस घेतली आणि तिनेच रोज सव्वाशे मैल जाणं-येणं केलं. २०१३ मध्ये त्या गाडीने तीस लाख मैल पुरे केले. म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर, तेही एकाच मालकाच्या हातून. गिनीजमध्ये नोंद आहे. २०१८ मध्ये तो गेला, गाडी तोवर चालत होती. आता बोला.

शंकेखोर

बोलतो की. हे उदाहरण येणार याची खात्रीच होती.

गॉर्डनने ती गाडी कोरी घेतली होती. पहिल्या दिवसापासून तिला काय झालं, कुठला आवाज कधी सुरू झाला, तेल कुठलं घातलं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात. आपण घेतो ती गाडी पाच-सात हातांतून आलेली. मधल्या कुणीतरी दहा वर्षं ती नुसती उभी केलेली, कुणीतरी वायरिंगमध्ये रेडिओसाठी कात्री चालवलेली. शिवाय ते इंजिन चार सिलिंडरचं, १.८ लिटरचं, साधं. त्यावरून बारा सिलिंडरवाल्याला धीर देणं म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा पास झाला म्हणून आपल्या मुलाचे पेढे वाटणं.

तेरा नंबरचा पाना

मी गाड्या चालवण्यापेक्षा उघडतो जास्त, म्हणून दोन्ही पक्षांना थोडं थोडं टोचतो.

"चालवली की टिकते" हे अर्धंच खरं. किती चालवता, हे कुणी सांगतच नाही. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं लोक समजतात. पाणी तापतं आधी, तेल तापतं बऱ्याच मागाहून. रोज तीन किलोमीटरवर भाजी आणायला नेलेली जुनी जीटी सगळ्यात लवकर खराब होते. तेलात पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल साठत जातं, ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. ऑइल फिलरचं झाकण उलटं करून बघा, आतून पिवळट साय धरलेली दिसली तर समजा. सायलेन्सरही आतून तसाच कुजतो. अशा गाडीपेक्षा शंकेखोरांची रविवारची गाडी सुखी, फक्त पुसून ठेवू नका, साठ-सत्तर किलोमीटर पळवून आणा. धागाकर्त्यांचे एका बाजूचे वीसेक किलोमीटर बरे आहेत. त्यात तेल तापतं.

दुसरं, सगळ्या जीटी एका माळेचे मणी नाहीत. जॅग्वार एक्सजेएस घ्या, १९७५ ते १९९६ इतकी वर्षं निघाली. ते ५.३ लिटरचं व्ही१२ फिरताना नुसतं कुजबुजतं, पण बॉनेटखाली पाइपांची आणि वायरांची इतकी दाटी की उष्णतेला बाहेर पडायला जागा नाही. त्या धगीत रबर आणि वायरवरचं आवरण पापडासारखं कडक होतं. मागचे ब्रेक बराच काळ चाकात नव्हते, आत, दोन मागच्या चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलला (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) चिकटून होते. डिस्क बदलायची तर बहुतेक वेळा मागचा सगळा सांगाडाच खाली उतरवतो आम्ही. याउलट जेन्सन इंटरसेप्टर. डिझाइन इटालियन, गाडी ब्रिटिश, इंजिन मात्र क्रायस्लरचं मोठं, साधं व्ही८. पेट्रोल पिते राक्षसासारखी, पण बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा असते. मला विचाराल तर रोजच्या गाडीची पहिली परीक्षा हीच. हात जातो का?

आणि टायरवर रेघा खोल दिसतात म्हणून खूश होऊ नका. कडेवर चार आकडे असतात. ३४१४ म्हणजे २०१४ चा चौतिसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात.

मागची सीट

इथे सगळे पुढे बसणारे बोलताहेत. मी मागची. किंवा खरं तर शेजारची, कारण मागे पिशव्या असतात.

नवऱ्याच्या जुन्या जीटीत (नाव मीही सांगत नाही, घरात राहायचंय) आठ वर्षं बसतेय. तुम्ही इंजिन, तेल, बेल्ट बोलता. दाराचं कुणी बोलत नाही! दोन दारांची गाडी, म्हणून एकेक दार हे एवढं लांब. पार्किंगमध्ये शेजारी गाडी लागलेली असली की ते उघडतं वीतभर. मग आधी पाय बाहेर, मग डोकं तिरकं करून खांदा, मग पर्स आतच राहिलेली. सीट इतकी खाली की उठताना काहीतरी धरावं लागतं आणि धरायला शेजारच्याची गाडी सोडून काही नसतं.

पावसात काचेवर वाफ धरते, पंख्याचा आवाज मोठा नि वारा छोटा. एसीतला मूळ गॅस आर१२, तो ओझोनपायी बंद झाला (१९८७ चा माँट्रियल करार), त्यामुळे आधी सगळं दुसऱ्या गॅसवर नेण्याचा घोळ.

हे सगळं चालवून घेतलं हो. पण मूल झालं आणि लहान मुलाची सीट घट्ट बसवायला गेलो तर तसा पट्टाच नव्हता मागे. एअरबॅग नाही. त्या दिवशी मी सांगितलं, याच्या पुढचं तुझं तू ठरव. त्याने ठरवलं. आता गाडी आहे, रोजची नाही. आम्ही दोघंच लांब निघतो तेव्हा काढतो, आणि तेव्हा मात्र खरं सांगते, तिसऱ्या तासाला जो एक सूर लागतो ना, तो नव्या गाडीत कधी लागला नाही.

तिसरा गिअर

मागची सीट, दाराबद्दल शंभर टक्के कबूल. मी पार्किंगमध्ये कायम टोकाची जागा धरतो, त्यापायी लांबून चालत येतो. माझ्या गाडीत एबीएस आहे, एअरबॅग नाही, आणि लहान मूल असतं तर मीही हा धागा काढला नसता.

शंकेखोर, हो, दुसरी गाडी आहे. गेल्या वर्षी अकरा दिवस वापरली. त्यातले सात दिवस ९२८ एका सेन्सरची वाट बघत उभी होती. सेन्सर तळहाताएवढाही नाही, काढून लावायला पंधरा मिनिटं, यायला सात दिवस. म्हणजे माझी अडचण बिघाड ही नव्हतीच, वाट बघणं ही होती. दुसरी गाडी नसती तर ते सात दिवस जड गेले असते, हे मान्य. पण वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस तुम्ही हिशेबातच धरत नाही, हे मला पटत नाही. नव्या गाडीला काय सर्व्हिसिंगला टाकत नाही आपण?

नवशिका

एक शंका. सुरुवात करायची तर कुठली घ्यावी? मला सिट्रोएन एसएम फार आवडते.

तेरा नंबरचा पाना

प्रेमात पडायला उत्तम गाडी. १९७० ते १९७५, इंजिन मासेराटीचं व्ही६, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच हायड्रॉलिक दाबावर. त्यात एलएचएम नावाचं हिरवं खास हायड्रॉलिक तेलच लागतं. कुणी भल्या माणसाने साधं ब्रेक ऑइल ओतलं की आतले सगळे सील गेले. रोजच्यासाठी पहिली गाडी म्हणून नको रे.

एमजीबी जीटी बघ. १९६५ ची कल्पना, चार सिलिंडर, मागे काच-दरवाजा. वेग बेताचा, पण तिची कोरी बॉडीसुद्धा आजच्या काळात पुन्हा बनवून मिळाली आहे, यावरून बाकीच्या पार्टचं ओळख. वेग हवाच असेल तर बीएमडब्ल्यूची ६३५ सीएसआय, फक्त गंज तपासून. आणि कुठलीही घे, गाडीच्या आधी तिची फाइल मागून घे. बिलं जाड, ती गाडी बरी.

शंकेखोर

फाइलवरून आठवलं. तिसरा गिअर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बेल्ट?

तिसरा गिअर

नुकताच बदललाय हो. आणि एस४ मध्ये बेल्ट सैल पडला तर समोर दिवा लागतो.

शंकेखोर

दिवा सैलपणा सांगतो, वय सांगत नाही. "नुकताच" म्हणजे किती साली? लोक चार-पाच वर्षांनी बदलतात.

चोक ओढा

शंकेखोरांना पोलिसात घ्या कुणीतरी. हलकेच घ्या.

तिसरा गिअर

थांबा, फाइल काढतो.

तिसरा गिअर

बिल सापडलं. गाडी घेतली त्याच महिन्यातलं आहे. म्हणजे सहा वर्षं आणि दोन महिने. मला खरंच गेल्या वर्षीचं वाटत होतं.

आत्ता बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच मागवलेत. येईपर्यंत गाडी हलवत नाही.

मागची सीट

मग उद्या ऑफिसला?

तिसरा गिअर

बारावा दिवस.